अक्षरं तीच, घडी वेगळी : आरएनएचा आकार आणि त्याचं काम



आपल्या सोयगाव तालुक्यात कपाशी आणि मक्यासोबत सोयाबीनही पेरतात. पेरणीआधी बियाण्याला रायझोबियम चोळताना तुम्ही पाहिलं असेल. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं एक पाकीट, गुळाच्या पाण्यात कालवून. मग घरातली मोठी माणसं बजावतात, "बियाणं सावलीतच सुकवा." असं का? कारण त्या पाकिटात जिवंत जिवाणू असतात. तेच मुळांवर गाठी तयार करतात आणि हवेतला नायट्रोजन पिकाला मिळवून देतात.

या जिवाणूच्या पेशीत एक छोटा 'थर्मामीटर' असतो. तो काचेचा नसतो, आरएनएचा असतो!

आरएनए दुमडतो कसा?

डीएनएमधली माहिती आरएनएवर उतरते आणि रायबोसोम ती वाचून प्रथिन बनवतो, एवढं आपल्याला माहीत आहे. पण आरएनए म्हणजे नुसती चिठ्ठी नाही. तो एकपदरी धागा आहे. त्यात ए, यू, जी, सी अशी चार अक्षरं असतात. 'ए'ची जोडी 'यू'शी आणि 'जी'ची 'सी'शी जमते. एकाच धाग्यातली अक्षरं एकमेकांशी जोडली गेली, की धागा स्वतःवरच दुमडतो.

करून बघा

कागदाची एक लांब पट्टी घ्या. मध्यावर लिहा, 'इथून वाचा'. अक्षरं आत जातील अशी घडी घालून चिमटा लावा. आता वाचता येतं का? नाही. चिमटा काढा, घडी उघडा. लगेच वाचता येतं. पट्टीवरचं एकही अक्षर बदललं नाही, फक्त आकार बदलला.

जिवाणूत काय घडतं?

सोयाबीनच्या गाठी करणाऱ्या जिवाणूचं नाव ब्रॅडीरायझोबियम जॅपोनिकम. त्याच्या काही आरएनएंच्या सुरुवातीला 'रोझ' नावाचा भाग असतो. साधारण ३० अंश तापमानाला हा भाग दुमडलेला असतो. रायबोसोमला बसायची जागा घडीत लपते, म्हणून प्रथिन जवळजवळ बनत नाही. तापमान ४० अंशांच्या वर गेलं की तिथल्या कच्च्या जोड्या सुटतात, जागा मोकळी होते आणि उष्णतेपासून बचाव करणारी प्रथिनं तयार होऊ लागतात. ती इतर प्रथिनांना गोळा होऊन निकामी होण्यापासून वाचवतात. गारवा आला की घडी पुन्हा बसते.

म्हणजे नवा आरएनए तयार होण्याची वाटही बघावी लागत नाही. आधीच तयार असलेली चिठ्ठी नुसती उघडते.

पण या बचावालाही मर्यादा आहे. कडक उन्हात आणि कोरडेपणात जिवाणू मरतातच. म्हणून पाकीट थंड जागी ठेवायचं, बियाणं सावलीत सुकवायचं आणि लगेच पेरायचं.

हीच युक्ती घातकही ठरते

लिस्टेरिया हा रोगजंतू दूषित अन्नातून पोटात जातो. त्याचा एक आरएनए थंडाव्यात बंद असतो. आपल्या शरीराच्या ३७ अंशांना तो उघडतो आणि रोग पसरवणारी जनुकं कामाला लागतात. २००२ मध्ये शास्त्रज्ञांनी हे दाखवून दिलं.

लक्षात ठेवा : आरएनएचं काम फक्त अक्षरांवर ठरत नाही, घडीवरही ठरतं.

विचार करा
१. 'रोझ'ची घडी कधीच उघडली नाही, तर उन्हाळ्यात जिवाणूचं काय होईल?
२. ती कायम उघडीच राहिली, तर पेशीचं काय वाया जाईल?

उत्तरं वहीत लिहा, आणि घरी बियाणं सावलीत का सुकवतात ते आता तुम्ही समजावून सांगा!