परसातली खेळाची जागा

परसात थोडी जागा आहे ना? मग मुले रस्त्यावर का खेळतात?

आधी काटे, काचा, खिळे वेचा. जवळ विहीर असेल तर तिला कठडा घाला. पाण्याचा हौद झाका.

एका कोपऱ्यात वाळू ओता. रात्री गोणपाट घाला, म्हणजे मांजर घाण करणार नाही.

झोका कडुलिंबाच्या जाड फांदीला बांधा. शेवग्याला नको. त्याची फांदी कडकन मोडते. झोक्याखाली भुसभुशीत माती पसरा.

१९४५ साली बोर्डी गावात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडी चालवली. तिथे शिंपले, बिया, पाने हीच खेळणी झाली.

विकत आणायचा तो दोर तेवढा. बाकी सारे घरचेच. मात्र मुलांजवळ एक मोठे माणूस हवेच!