समसंबंधाचे निदान : उपसर्ग, धातू आणि प्रत्यय

प्रास्ताविक

शिष्यवृत्ती व स्पर्धा परीक्षांच्या बुद्धिमत्ता चाचणीत ‘समसंबंध’ हा प्रश्नप्रकार सर्वांच्या परिचयाचा आहे. ‘डोळा : पाहणे :: कान : ?’ अशा प्रश्नात पहिल्या जोडीतील संबंध ओळखून तोच दुसऱ्या जोडीस लावावयाचा असतो. वैद्य व औषधविक्रेते हा प्रश्न प्रत्यही सोडवीत असतात, मात्र तो प्रश्न म्हणून समोर येत नाही. अपरिचित कल्पाचे नाव वाचताना परिचित नावाच्या आधारे आपण त्याचा अर्थ लावतो, तेव्हा समसंबंधच जुळवीत असतो. परीक्षेत तो चुकला तर एक गुण जातो. औषधालयात चुकला तर रुग्णाच्या हाती भलताच कल्प जातो. महागावसारख्या तालुक्याच्या ठिकाणी औषध काढून देणारा मदतनीस बहुधा संस्कृत शिकलेला नसतो आणि नावाच्या साम्यावरच तो विसंबतो. म्हणून या विषयाचा विचार आपल्याच शास्त्रातील उदाहरणांनी करणे उपयुक्त ठरेल.

शब्दाची तीन अंगे व्याकरणाने सांगितली आहेत : मूळ धातू, त्याच्या पूर्वी येणारा उपसर्ग व नंतर येणारा प्रत्यय. यांपैकी दोन संज्ञा वैद्याला वेगळ्या अर्थाने ठाऊक आहेत. शरीराचे धारण करतो तो रसरक्तादी धातू. शब्दाचे धारण करतो तो व्याकरणातील धातू. दोहोंचे मूळ ‘धा’ हेच. सुश्रुताने निदानस्थानाच्या पाचव्या अध्यायात एका मनुष्याकडून दुसऱ्याकडे संक्रांत होणारे रोग ‘औपसर्गिक’ म्हटले आहेत. व्याकरणातील उपसर्गही धातूला बाहेरून येऊन जडतो व त्याचा अर्थ पालटतो.

१. उपसर्गावरून समसंबंध

संस्कृत व्याकरणात प्र, परा, अप, सम् इत्यादी २२ उपसर्ग मानले आहेत. उपसर्गाला स्वतंत्र अर्थ असतो की नाही, याविषयी शाकटायन व गार्ग्य यांचा मतभेद यास्काने निरुक्तात नोंदविला आहे. व्यवहारात मात्र उपसर्ग अर्थाला दिशा देतो, एवढे ध्यानी ठेवणे पुरेसे आहे.

याचे उत्कृष्ट उदाहरण म्हणजे पंचवायू. ‘अन्’ (श्वसणे) हा एकच धातू पाचही नावांत आहे. प्र जोडून प्राण, अप जोडून अपान, उत् व आ जोडून उदान, सम् व आ जोडून समान, वि व आ जोडून व्यान. अप म्हणजे दूर, खाली. अपानाचे कार्य अधोगामी. उत् म्हणजे वर. उदानाची गती ऊर्ध्व. वि म्हणजे विविध दिशांनी, व्यान सर्वदेहचारी. ‘अपान : अप :: उदान : ?’ याचे उत्तर ‘उत्’ हे केवळ पाठांतराने नव्हे, तर कार्यावरूनही पटते.

येथेच काही फसव्या जागा आहेत. ‘अनुपान’ या शब्दात अनु हा उपसर्ग व ‘पा’ (पिणे) हा धातू आहे. परंतु अपान म्हणजे ‘अ + पान’ नव्हे. ‘सारखा’ या अर्थाचा ‘समान’ हा शब्द निराळा आहे, त्यात ‘अन्’ धातू नाही. ‘विषमज्वर’ या शब्दाचा विषाशी काहीही संबंध नाही. तेथे वि + सम असा विग्रह आहे. ‘विषघ्न’ शब्दातील विष मात्र ‘विष्’ (व्यापणे) या धातूपासून आले आहे. अजीर्ण, अरुची यांतील ‘अ’ हा उपसर्ग नसून निषेधवाचक नञ् आहे. अक्षरे सारखी दिसली म्हणून घटक सारखे असतात असे नाही.

२. प्रत्ययावरून समसंबंध

चरकाने सूत्रस्थानाच्या चौथ्या अध्यायात सांगितलेले ५० महाकषाय म्हणजे समसंबंधाची सिद्ध पाठशाळाच होय. नावांच्या शेवटच्या घटकानुसार त्यांचे गट सहज पडतात. जीवनीय, दीपनीय इत्यादी सहा. बल्य, वर्ण्य, कंठ्य, हृद्य हे चार. अर्शोघ्न, कृमिघ्न इत्यादी सहा. वमनोपग, विरेचनोपग इत्यादी सात. कासहर, ज्वरहर इत्यादी पाच. दाहप्रशमन, शूलप्रशमन इत्यादी पाच. (यांतील घ्न, हर, उपग ही काटेकोरपणे समासाची उत्तरपदे आहेत, प्रश्न सोडविताना त्यांचे काम प्रत्ययासारखेच होते.)

‘कृमिघ्न : कृमी :: ज्वरहर : ज्वर’ हा संबंध सरळ आहे. आता तीन ठिकाणी सावध राहावे.

(अ) तृप्तिघ्न : कृमिघ्न म्हणजे कृमीचा नाश करणारे, मग तृप्तिघ्न म्हणजे समाधान नष्ट करणारे काय? येथे तृप्ती म्हणजे न जेवताही पोट भरल्यासारखे वाटणे, हा कफाचा विकार. प्रत्ययाचा अर्थ तोच राहिला, पण पूर्वपदाचा अर्थ शास्त्रीय आहे.

(आ) वेदनास्थापन : संज्ञास्थापन म्हणजे संज्ञा पुन्हा आणून स्थिर करणारे. त्याच न्यायाने वेदनास्थापन म्हणजे वेदना स्थिर करणारे, असे उत्तर नवखा विद्यार्थी देतो. चक्रपाणीच्या टीकेनुसार उत्पन्न झालेली वेदना दूर करून शरीर प्रकृतीवर स्थापित करते ते वेदनास्थापन. ‘स्थापन’ तेच, परंतु स्थापना कशाची, हे टीकेवाचून कळत नाही.

(इ) वमनोपग व छर्दिनिग्रहण : ‘दोन्ही उलटीची औषधे’ असे म्हणणे शब्दशः खोटे नाही, पण घातक आहे. मध, ज्येष्ठमध इत्यादी वमनोपग द्रव्ये वमनास साहाय्य करतात. डाळिंब, साळीच्या लाह्या इत्यादी छर्दिनिग्रहण द्रव्ये उलटी थांबवितात. विषय एक, संबंध उलटा. समसंबंधात विषय जुळवावयाचा नसून संबंध जुळवावयाचा असतो, हे यावरून स्पष्ट व्हावे.

‘य’ या प्रत्ययाचेही दोन प्रकार लक्षात घ्यावेत. कंठ्य म्हणजे कंठास हितकर. येथे मूळ शब्द नाम आहे. लेह्य म्हणजे चाटावयाचे. येथे मूळ ‘लिह्’ हा धातू आहे.

३. कल्पांची नावे : खरी कसोटी

आमच्या गावाच्या नावात असलेला ‘महा’ अनेक कल्पांच्या नावांतही आहे. तो २२ उपसर्गांपैकी नाही. तो समासातील पूर्वपद आहे. ‘योगराज : महायोगराज :: रास्नादी : महारास्नादी’ ही जोडी दिसावयास निर्दोष आहे. पण प्रचलित महायोगराज गुग्गुळात वंग, रौप्य, नाग, लोह, अभ्रक, मंडूर यांची भस्मे व रससिंदूर असतात. महारास्नादी काढा मात्र केवळ काष्ठौषधींचा, त्यांची संख्या तेवढी वाढलेली. एका ठिकाणी ‘महा’ने द्रव्यांची जात बदलली, दुसऱ्या ठिकाणी केवळ विस्तार झाला. ‘थोडे जोरदार हवे’ म्हणून योगराजऐवजी महायोगराज देणे म्हणूनच अनुचित होय.

‘लघु’चेही तसेच. लघुपंचमुळात व बृहत्पंचमुळात द्रव्ये पाचच असतात. लघुत्व वनस्पतींच्या आकाराचे आहे. लघुमालिनी वसंतात सुवर्ण नाही, म्हणून तो सुवर्णमालिनीहून लघू. सूतशेखरात पारद, गंधक, वत्सनाभ, धोत्रा आहेत. लघुसूतशेखर म्हणजे गेरू, सुंठ व नागवेलीच्या पानांचा रस. नावात ‘सूत’ म्हणजे पारद असला तरी औषधात तो नाही. लघुसूतशेखर संपला म्हणून सूतशेखर अर्ध्या मात्रेत देणे म्हणजे मात्रा कमी करणे नव्हे. ते औषधच बदलणे होय. औषध नियमांतील (ड्रग्ज रूल्स) नियम १६१ प्रमाणे अनुसूची ई(१) मधील विषारी द्रव्ये असलेल्या पोटात घेण्याच्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापावी लागते. नावावर न थांबता विक्रेत्याने ती सूचना व घटकांची यादी पाहावी.

‘आदि’ची कथा सर्वांत बोधप्रद आहे. सितोपलादी चूर्णात सितोपला म्हणजे खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलदोडा २ व दालचिनी १ भाग असते. नावातील पहिले द्रव्य येथे सर्वाधिक आहे. या न्यायाने तालीसादी चूर्णात तालीसपत्र सर्वाधिक असावे. प्रत्यक्षात ते केवळ १ भाग असून शर्करा ३२ भाग आहे. एकूण ४८ भागांपैकी दोन तृतीयांश साखरच! मधुमेहाच्या रुग्णाला सितोपलादी टाळून विश्वासाने तालीसादी देणारा शब्दसाम्याने फसलेला असतो. ‘आदि’ केवळ यादीचा आरंभ सांगतो, प्रमाण सांगत नाही.

४. सोडविण्याची रीत

(१) पदच्छेद करावा; उपसर्ग, धातू, प्रत्यय किंवा समासातील पदे वेगळी करावीत.
(२) पहिल्या जोडीतील संबंध एका पूर्ण वाक्यात मांडावा, उदा. ‘कासहर हे कास दूर करते.’
(३) तेच वाक्य दुसऱ्या जोडीस लावून पाहावे.
(४) अर्थाची खात्री ग्रंथावरून, टीकेवरून किंवा पाठावरून करावी. परीक्षेत तिसऱ्या पायरीवर थांबता येते, चिकित्सेत नाही.

५. सरावासाठी

(१) अतिसार : सृ :: विसर्प : ?
(२) कंठ्य : कंठ :: केश्य : ?
(३) लेह्य : लिह् :: पेय : ?
(४) विसर्प : वि :: विष : ?
(५) हिंग्वष्टक : ८ :: सितोपलादी : ?

उत्तरे : (१) सृप्. (२) केश. (३) पा. (४) उत्तर संभवत नाही. विष शब्दात उपसर्ग नाही. (५) ५, परंतु ही संख्या नावातून निघत नाही, पाठातूनच कळते.

समारोप

शब्दाची व्युत्पत्ती ही रोगाच्या पूर्वरूपासारखी आहे. ती दिशा दाखविते, निर्णय देत नाही. वैद्यबंधूंनी चिठ्ठीवर कल्पाचे नाव पूर्ण व सुवाच्य लिहावे, ‘लघु’ व ‘महा’ ही पदे संक्षेपाने लिहू नयेत. आणि विक्रेत्यांनी शंका येताच अर्थ लावीत न बसता वैद्याला विचारावे. औषधालयातील मदतनिसाला वर दिलेल्या महायोगराज, लघुसूतशेखर व तालीसादी या तीन जोड्या जरी समजावून सांगितल्या, तरी या लेखाचे प्रयोजन साधले असे म्हणता येईल.