हेक्साफ्लुओरो-आयसोप्रोपॅनॉल : गुणधर्म व निर्मिती

अल्कोहोल हा शब्द उच्चारताच सामान्य माणसास मद्य आठवते. रसायनशास्त्रात मात्र अल्कोहोल हे एका मोठ्या कुटुंबाचे नाव आहे. धारवाडच्या सप्तापूरसारख्या विद्यार्थ्यांनी गजबजलेल्या भागातील शिक्षकांना, तसेच ग्रामीण वाचकांना, या कुटुंबातील एका आगळ्या सदस्याचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

हात निर्जंतुक करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या रेणूत दोन टोकांना मिळून हायड्रोजनचे सहा अणू असतात. त्या सर्वांच्या जागी फ्लुओरीनचे अणू आले की हेक्साफ्लुओरो-आयसोप्रोपॅनॉल तयार होते. ‘हेक्सा’ म्हणजे सहा.

या बदलाने द्रवाचा स्वभावच पालटतो. रेणूभार ६० वरून १६८ होतो. तरीही उत्कलनबिंदू ८२ अंशांवरून सुमारे ५८ अंश सेल्सिअसपर्यंत खाली येतो. फ्लुओरीन आपले इलेक्ट्रॉन घट्ट धरून ठेवतो, त्यामुळे रेणूंमधील परस्पर आकर्षण दुर्बल होते, हे त्याचे प्रमुख कारण. हा रंगहीन, उग्र वासाचा द्रव पाण्याच्या सुमारे १.६ पट जड असून पाण्यात पूर्णपणे मिसळतो. त्याची आम्लता मूळ अल्कोहोलपेक्षा कोट्यवधी पटींनी अधिक, किंबहुना फिनॉलपेक्षाही किंचित अधिक आहे. सामान्य द्रावकांना दाद न देणारे नायलॉन व पॉलिएस्टर त्यात विरघळतात.

निर्मितीचा आरंभ फ्लोरस्पार या खनिजापासून होतो. महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथे त्याचे साठे आहेत. या खनिजावर गंधकाम्लाची क्रिया करून हायड्रोजन फ्लोराइड मिळवितात. त्यापासून टप्प्याटप्प्याने हेक्साफ्लुओरोप्रोपिलीन व पुढे हेक्साफ्लुओरोॲसिटोन हा वायू तयार करतात. उत्प्रेरकाच्या सान्निध्यात या वायूचा हायड्रोजनशी संयोग घडविला की अल्कोहोल मिळते. ऊर्ध्वपातनाने ते शुद्ध करतात.

या पदार्थाचा रुग्णांशीही संबंध आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी हुंगविण्यात येणारे सेव्होफ्लुरेन हे भूलद्रव्य याच अल्कोहोलपासून बनविता येते. जपानमध्ये १९९० साली त्याचा वैद्यकीय वापर सुरू झाला. रुग्णाच्या शरीरात त्याच्या अल्पशा भागाचे विघटन होऊन हेच अल्कोहोल पुन्हा निर्माण होते व यकृताच्या प्रक्रियेनंतर मूत्रावाटे बाहेर पडते.

तथापि, हा द्रव त्वचा व डोळे भाजणारा आहे आणि हेक्साफ्लुओरोॲसिटोन विषारी आहे. म्हणून शालेय प्रयोगशाळेत त्याची निर्मिती कदापि करू नये. प्रयोगशाळांनी हाताळताना हातमोजे, चष्मा व धूर खेचणारे कपाट वापरावे. उरलेला द्रव मोरीत अथवा नाल्यात ओतू नये. फ्लुओरीन व कार्बन यांचा बंध अतिशय बळकट असल्याने अशी द्रव्ये निसर्गात सहजासहजी नष्ट होत नाहीत.

येथे एक गैरसमज टाळावा. शेजारच्या गदग जिल्ह्यात मुंडरगी भागातील कूपनलिकांच्या पाण्यात आढळणारे फ्लोराइड भूगर्भातील खडकांतून येते. त्याचा या अल्कोहोलशी संबंध नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक फ्लोराइड दीर्घकाळ पोटात गेल्यास दात व हाडे बिघडतात. पाणी उकळल्याने ते जात नाही. यास्तव ग्रामस्थांनी पाण्याची तपासणी करून घ्यावी व शिक्षकांनी त्यांना साहाय्य करावे.