इंजिनास कोणते पाणी द्यावे?
जव्हारच्या डोंगरी रस्त्यांवरील वाहनांचा एक दुर्लक्षित प्रश्न

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. या जिल्ह्याच्या पूर्वेकडील जव्हार आणि मोखाडा हे तालुके डोंगराळ व आदिवासीबहुल आहेत. पाडे विखुरलेले, रस्ते चढउतारांचे आणि वस्त्यांमधील अंतरे मोठी. अशा प्रदेशात वाहन ही चैनीची वस्तू नसून ती गरज आहे. जामसर हे जव्हार तालुक्यातील असेच एक गाव. तेथे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. परंतु अधिक उपचारांसाठी रुग्णास जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयात आणि तेथूनही पुढे हलवावयाचे झाल्यास त्र्यंबकमार्गे सुमारे ८० किलोमीटर दूर असलेल्या नाशिकला न्यावे लागते. या प्रवासात घाटाच्या मध्यावर इंजिन तापून वाहन उभे राहिले, तर त्याची किंमत केवळ दुरुस्तीच्या खर्चात मोजता येत नाही.

इंजिन तापण्याची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी एक कारण मात्र पूर्णतः टाळता येण्यासारखे आहे. ते म्हणजे रेडिएटरमध्ये घातले जाणारे अयोग्य पाणी.

पाणी इंजिनात काय काम करते?

इंधन जळल्याने निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी सुमारे एक-तृतीयांश उष्णता शीतक यंत्रणेला बाहेर टाकावी लागते. इंजिनाभोवतीच्या पोकळ्यांतून फिरणारे द्रव ही उष्णता शोषून घेते, रेडिएटरच्या बारीक नळ्यांत येऊन थंड होते आणि पुन्हा इंजिनाकडे जाते. घाट चढताना इंजिनावरील भार वाढतो, वेग मात्र कमी असतो. त्यामुळे रेडिएटरला समोरून वारा कमी मिळतो. यंत्रणेची खरी कसोटी लागते ती अशाच वेळी.

या द्रवात विरघळलेले क्षार असतील तर काय होते, हे समजण्यास प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. घरोघरीच्या बंबात किंवा चुलीवरील हंड्यात कालांतराने आतून पांढरा, कठीण थर साचतो. कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे बायकार्बोनेट पाण्यात विरघळलेले असतात. पाणी तापताच कॅल्शियमचे बायकार्बोनेट विघटन पावते व अविद्राव्य कार्बोनेटचा थर भांड्यास चिकटतो. इंजिनातील द्रव ९० अंश सेल्सिअसच्या आसपास तापत असल्याने हीच क्रिया तेथे घडते. हा थर उष्णतेचा मंद वाहक असल्याने धातूची उष्णता द्रवापर्यंत पोहोचत नाही आणि रेडिएटरच्या नळ्यांचा मार्ग अरुंद होत जातो. पाण्यातील क्लोराइड व सल्फेट यांचे कार्य निराळे, पण तितकेच घातक आहे. ते गंज वाढवितात आणि अ‍ॅल्युमिनियमच्या भागांना सूक्ष्म खड्डे पाडतात.

पिण्यास उत्तम, इंजिनास अयोग्य

येथेच एक सार्वत्रिक गैरसमज आढळतो. जे पाणी स्वच्छ दिसते व पिण्यास चांगले असते, ते इंजिनासही चालेल, असे मानले जाते. वस्तुतः या दोन कसोट्या भिन्न आहेत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार दर लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत कठिणता व २५० मिलिग्रॅमपर्यंत क्लोराइड स्वीकारार्ह आहे. पर्यायी स्रोत नसल्यास कठिणता ६०० मिलिग्रॅमपर्यंतही चालते. याउलट मोठ्या इंजिनांसाठी निर्मात्यांनी घालून दिलेल्या मर्यादा साधारणतः कठिणता १७०, क्लोराइड ४० व सल्फेट १०० मिलिग्रॅम अशा असतात. काही निर्माते याहूनही कडक मर्यादा सांगतात. माणसाच्या शरीराला थोडे क्षार उपयोगी असतात. इंजिनाला ते मुळीच नकोत.

सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातून झिरपणाऱ्या विहिरीच्या व विंधन विहिरीच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार कमीअधिक प्रमाणात उतरतात. शेजारशेजारच्या दोन विहिरींतही हे प्रमाण वेगळे असू शकते. शिवाय निर्जंतुकीकरणासाठी सार्वजनिक विहिरीत टी.सी.एल. पावडर टाकली जाते. आरोग्यासाठी ती आवश्यकच आहे. तथापि तिच्यातील क्लोरीन धातूस हितकारक नाही.

पसंतीचा क्रम

पहिली पसंती द्यावी ती ऊर्ध्वपातित किंवा क्षारविरहित पाण्यास. बॅटरीसाठी सीलबंद डब्यात मिळणारे पाणी याच प्रकारचे असते. मात्र बॅटरीचे पाणी म्हणजे बॅटरीतील आम्ल नव्हे, ही खात्री डब्यावरील मजकूर वाचून करून घ्यावी.

दुसरी पसंती पावसाच्या पाण्यास. जव्हार परिसरात वर्षाकाठी सरासरी अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तरीही उन्हाळ्यात भगिनींना हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते. पावसाचे पाणी निसर्गतःच जवळजवळ क्षारमुक्त असते. पहिल्या काही सरी जाऊ द्याव्यात. नंतर उघड्या जागी स्वच्छ कापड बांधून थेट आकाशातून पडणारे पाणी प्लॅस्टिकच्या स्वच्छ डब्यात धरावे व झाकून ठेवावे. पत्र्यावरून वाहून आलेले पाणी घेऊ नये, कारण त्यात गंज व धूळ मिसळलेली असते. जीपसारख्या वाहनाच्या यंत्रणेत सर्वसाधारणपणे ६ ते १० लिटर द्रव मावते आणि त्यातील पाण्याचा वाटा निम्म्याच्या आसपास असतो. म्हणजेच जुलैमध्ये धरलेले वीस लिटर पाणी गावातील चार ते सहा वाहनांस पुरेल आणि उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यावर भार पडणार नाही.

विहिरीचे पाणी उकळून, निवळू देऊन, वरचे पाणी ओतून घेतल्यास तात्पुरती कठिणता कमी होते. क्लोराइड व सल्फेट मात्र तसेच राहतात. म्हणून हा उपाय तिसऱ्या क्रमांकाचा मानावा. ओढ्याचे पाणी केवळ अडचणीच्या वेळी, घरी पोहोचण्यापुरते वापरावे आणि लवकरात लवकर काढून टाकावे.

केवळ शुद्ध पाणीही पुरेसे नाही

शुद्ध पाणी थर साचू देत नाही. पण ते गंज थांबवीत नाही. त्यासाठी गंजरोधक द्रव्ये असलेले कूलंट आवश्यक आहे. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, अशी शंका घेतली जाते. परंतु गोठण्यापासून संरक्षण हा त्याचा एकच गुण आहे. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंच असल्याने तेथे उघडे पाणी १०० अंशांच्या थोडे अलीकडेच उकळते. इथिलीन ग्लायकॉल व पाणी यांचे समभाग मिश्रण मात्र त्याहून सात-आठ अंश उशिरा उकळते, आणि रेडिएटरचे दाबाचे झाकण ही मर्यादा आणखी वर नेते. मिश्रणाचे प्रमाण डब्यावरील सूचनेप्रमाणे ठेवावे. तयार मिश्रण घेतल्यास त्यात पाणी घालू नये. रंग सारखा आहे म्हणून दोन भिन्न कूलंट एकत्र करू नयेत.

इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. दाबाखालील वाफेने गंभीर भाजते. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतल्यास इंजिनाचे डोके तडकण्याचा संभव असतो. इथिलीन ग्लायकॉल विषारी असून चवीला गोडसर असते. म्हणून जुने कूलंट उघड्यावर, ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये आणि मुले व जनावरे यांच्यापासून दूर ठेवावे.

शाळा आणि पंचायत यांचे कार्य

हा विषय शाळेत सहज शिकविता येतो. दोन सारख्या बाटल्यांत पावसाचे व विहिरीचे पाणी अर्धे-अर्धे घ्यावे. प्रत्येकीत साबणाच्या पाण्याचे सारखे थेंब टाकून हलवावे. सुफेन पाण्यात भरपूर फेस येतो, दुष्फेन पाण्यात साका जमतो. तसेच दोन स्टीलच्या ताटल्यांत एकेक चमचा पाणी उन्हात वाळविल्यास मागे राहणारे पांढरे वर्तुळ क्षारांची साक्ष देते. धुण्याची पावडर या प्रयोगात वापरू नये. ती दुष्फेन पाण्यातही फेस देते.

अचूक मोजमापासाठी ग्रामपंचायतीस दूर जावे लागत नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनखाली गावातील पाच महिलांना पाणी तपासणीचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. क्षेत्रीय तपासणी संचाने कठिणता व क्लोराइड दोन्ही तपासता येतात. पिण्यासाठी केलेल्या तपासणीचे हेच आकडे वाहनचालकांसाठी फलकावर लावल्यास कोणताही नवा खर्च न करता एक उपयुक्त माहिती गावास मिळेल.

रुग्णवाहिका, शाळेची गाडी, पाण्याचा टँकर, भाताची मळणी करणारे यंत्र, या सर्वांच्या इंजिनास हाच नियम लागू आहे. विकासाच्या योजना वाहनांवरून पाड्यापर्यंत पोहोचतात. त्या वाहनांच्या पोटात कोणते पाणी जाते, याकडे वर्षातून एकदा जरी लक्ष दिले, तरी ऐन गरजेच्या वेळी घाटात अडकण्याचे अनेक प्रसंग टळतील.