१४४१६ लावण्याआधी

लातुरात नीटच्या पोरांना मी खोल्या भाड्याने देतो. गाव माझं नांदेड जिल्ह्यातलं. इकडे टेस्टच्या मार्कांनी खचलेली लेकरं, तिकडे सोयाबीनचा भाव आणि कर्ज यांनी जेरीस आलेले भाऊबंद. दोन्हीकडे १४४१६ लावायची वेळ आली. हा नंबर ‘टेलिमानस’चा; मनाच्या त्रासासाठी फोनवर मदत देणारी ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. फुकट आणि चोवीस तास. तरी लावताना माणूस कचरतोच. म्हणून हे चार शब्द.

१. आधी मशीन बोलतं. भाषा निवडायला सांगतं. मराठी आहे, तेवढा धीर धरा. नंतर माणूस बोलतो. कधी थांबावं लागतं. नाहीच लागला तर पुन्हा लावा.

२. काय बोलायचं ते जुळवत बसू नका. आमच्याकडचं एक पोरगं “मॅडम, झोप येत नाही” एवढंच बोललं अन् गप्प झालं. पलीकडून उत्तर आलं, “घाई नाही, मी आहे लाईनवर.” मग पोरगं हमसून रडलं. तेही चालतं.

३. वय, जिल्हा, त्रास कधीपासून, असं विचारतात. नाव सांगायचं नसेल तर सांगू नका.

४. “जीव द्यावासा वाटतो का?” हे सरळ विचारतात. दचकू नका. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही; मनात असेल तर बाहेर पडायला वाट मिळते. पुढचा प्रश्न असतो, जवळ कोण आहे, घरात फवारणीचं औषध आहे का? गावी फोन चालू असतानाच भावजयीने बाजेखालचे डबे उचलले, शेजाऱ्याच्या कोठीत ठेवून कुलूप घातलं आणि किल्लीही शेजाऱ्याकडेच ठेवली.

५. कर्ज फिटेल, मार्क वाढतील, ही आशा या फोनकडून धरू नका. अवघड रात्र निभावून नेणं, हे त्याचं काम. गरज दिसली तर मानसोपचार तज्ज्ञाशी जोडून देतात. पुढचा इलाज मात्र समोरासमोरच व्हायला हवा. त्यासाठी जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची सोय असते. शेतकऱ्यांसाठी राज्याने ‘प्रेरणा प्रकल्प’ २०१५ मध्ये आणला; त्याच्या १४ जिल्ह्यांत लातूर-नांदेड दोन्ही आहेत. गावातल्या आशाताईंना विचारा.

६. दुसऱ्यासाठीही फोन करता येतो. पोरगं जेवत नाही, दार लावून बसतं, याच्याशी कसं बोलू, असं विचारलं तरी नीट सांगतात.

७. पोलीस केसच्या भीतीने गप्प राहू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरायचं. उलट सिद्ध झाल्याशिवाय त्याला शिक्षा नाही. त्याला उपचार देणं हे सरकारचं कर्तव्य आहे.

८. कुणी काही घेतलंच असेल, तर आधी १०८. अशा वेळी बोलत बसायला वेळ नसतो.

पाणी गळ्याशी येईस्तोवर थांबायचं कारण नाही. नुसतं करमत नसेल तरी हा नंबर चालतो. खोलीमालक, मेसवाले, क्लासचे सर, सगळ्यांना हात जोडून सांगणं एवढंच : १४४१६ मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावा, आणि कुणाला फोन लावायचा असेल तर त्याच्याजवळ बसा.