मेम्फिसमधील ‘तात्पुरती’ टर्बाइने : एक हिशोब

वाणिज्य शाखेत पहिल्याच वर्षी आम्हांला एक नियम शिकवितात. जी वस्तू एका लेखावर्षाहून अधिक काळ वापरायची ती स्थिर मालमत्ता. तिची नोंद वेगळी, तिचा घसारा वेगळा. वर्षाच्या आत जिचा निकाल लागतो ती चालू मालमत्ता. नियम सोपा आहे, आणि त्यात पळवाट कोठे सापडेल हे परीक्षेत कोणी विचारीत नाही. अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरात २०२४ आणि २०२५ या दोन वर्षांत जे घडले ते वाचताना मला हा नियम पुन्हा पुन्हा आठवत होता. तेथे वर्षातला एक दिवस वजा करून ३६४ दिवसांची एक मुदत पुढे करण्यात आली, आणि त्या एका दिवसाच्या फटीतून गॅसवर चालणारी कित्येक वीजयंत्रे लोकवस्तीजवळ येऊन उभी राहिली. वस्तीतील लोकांनी त्यांना विरोध कसा केला, आणि तो विरोध मुळात कशासाठी होता, हे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

प्रथम यंत्रांविषयी. आपण फोनवर एखादा प्रश्न टाकतो आणि क्षणात उत्तर येते. ते उत्तर तयार करणारा संगणक आपल्या हातात नसतो. तो कोठेतरी एका प्रचंड शेडमध्ये, हजारो भावंडांसह, कपाटांच्या रांगांत बसविलेला असतो. त्या शेडला डेटा सेंटर म्हणतात. नव्या मुंबईत ऐरोली-महापे पट्ट्यात अशा इमारती उभ्या आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला त्या गोदामासारख्याच वाटतील. इलॉन मस्क यांच्या एक्सएआय या कंपनीने जून २०२४ मध्ये मेम्फिसच्या नैर्ऋत्य भागातील एका बंद कारखान्यात असे केंद्र उभारण्याचे जाहीर केले, त्याचे नाव ‘कोलोसस’. त्याच सप्टेंबरमध्ये ते चालूही झाले. सुरुवातीलाच तेथे एन्व्हिडिया कंपनीच्या एच-१०० जातीच्या १ लाख चिपा होत्या.

आता साधा गुणाकार करू. अशी एक चिप पूर्ण भाराने चालली तर सुमारे ७०० वॉट वीज घेते, म्हणजे जवळजवळ घरातील एका इस्त्रीइतकी. १ लाख चिपा म्हणजे ७ कोटी वॉट, अर्थात ७० मेगावॉट. एक लाख इस्त्र्या रात्रंदिवस तापत ठेवाव्यात तसा हा प्रकार. त्या थंड ठेवण्यासाठी लागणारी वीज आणखी वेगळी. ती आणायची कोठून? मेम्फिसला घाऊक वीज देणारी संस्था म्हणजे टेनेसी व्हॅली अथॉरिटी. १९३३ साली स्थापन झालेल्या याच संस्थेचा कित्ता गिरवून आपल्याकडे १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेलच. तिने १५० मेगावॉटला मंजुरी दिली ती नोव्हेंबर २०२४ मध्ये. मंजुरी मिळाली तरी उपकेंद्र बांधणे, वाहिन्या ओढणे ही कामे सावकाशीची असतात. एआयच्या शर्यतीतील कंपनीला तेवढी उसंत नव्हती. तिने ट्रेलरवरून वाहून आणता येणारी गॅस टर्बाइने भाड्याने आणली आणि शेडशेजारी उभी केली.

गॅस कोळशापेक्षा स्वच्छ, असे आपण ऐकतो. राख आणि काजळीपुरते ते खरे आहे. परंतु टर्बाइनच्या ज्वालेत उष्णता इतकी वाढते की हवेतील नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकमेकांशी संयोग पावतात, आणि नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. ती उन्हात इतर वाफांशी मिसळली की जमिनीलगत ओझोन बनतो. आकाशात उंचावर असलेला ओझोन आपले रक्षण करतो. नाकासमोरचा ओझोन दमेकऱ्याचा श्वास कोंडतो. गॅस पुरता न जळाल्यास फॉर्माल्डिहाइडही बाहेर पडते, आणि ते कर्करोगकारक आहे. ही ऑक्साइडे बऱ्याच प्रमाणात अडविणारी उपकरणे बाजारात मिळतात, पण ती बसवायला खर्च येतो आणि वेळ लागतो. उपकरणे बसविण्याची सक्ती परवान्यातून येते. म्हणून परवाना लागतो की नाही, हा प्रश्न केवळ कागदाचा राहत नाही.

येथे ‘तात्पुरते’ हा शब्द पुढे येतो. बांधकामाच्या जागी आणलेले फिरते जनरेटर काही महिन्यांत हलविले जातात. त्यांना कायम वीजघरासारखा परवाना मागू नये, अशी सवलत तेथील नियमांत आहे. शेल्बी परगण्याच्या आरोग्य खात्याने भूमिका घेतली की ही टर्बाइने एका जागी ३६४ दिवसांपेक्षा कमी काळ राहणार असल्याने ती आपल्या परवान्याच्या कक्षेत येत नाहीत. (आमच्या बेळगावात दोन भाषांत वावरणाऱ्यांना येथे एक गंमत दिसेल. कन्नडमध्ये तात्पुरत्याला ‘तात्कालिक’ म्हणतात. मराठीत मात्र तात्कालिक म्हणजे त्या क्षणापुरते. मेम्फिसमधील प्रकार या दोहोंपैकी कोणत्याच अर्थाचा नव्हता.) चाके लावलेली वस्तू फिरती असते असे नाही. आमच्या नियमात यंत्राला चाके आहेत की नाहीत हे पाहत नाहीत, त्याचा वापर किती काळ व्हायचा आहे हे पाहतात. आणि डेटा सेंटर कोणी वर्षभरासाठी बांधीत नाही.

ही टर्बाइने जेथे आली त्या वस्तीचा इतिहास सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. केंद्रापासून काही मैलांवर बॉक्सटाउन नावाचा भाग आहे. अमेरिकेतील यादवी युद्धानंतर गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी तो वसविला. मालगाडीच्या जुन्या डब्यांची लाकडे आणून त्यांनी घरे बांधली, त्यावरून हे नाव पडले. आजूबाजूला पुढे तेलशुद्धीकरण कारखाना आला, वीजघरे आली. कोळशावरचे अ‍ॅलन वीजघर २०१८ मध्ये बंद झाले, तर त्याच्या शेजारीच गॅसचे नवे वीजघर चालू झाले. ज्या इमारतीत कोलोसस बसविले तीही काही कोरी पाटी नव्हती. इलेक्ट्रोलक्स कंपनीने सार्वजनिक सवलती घेऊन तेथे चुली बनविण्याचा कारखाना काढला होता, आणि दहा वर्षे होतात न होतात तोच २०२२ मध्ये तो गुंडाळला. ‘उद्योग येईल, नोकऱ्या येतील’ हे आश्वासन या लोकांनी एकदा ऐकून झाले होते.

विरोध कसा करावा याचाही त्यांना अनुभव होता. बायहेलिया नावाची कच्च्या तेलाची वाहिनी याच वस्तीतून न्यायची योजना होती. कमीत कमी विरोध होईल असा मार्ग निवडला आहे, असे कंपनीच्या एका प्रतिनिधीने २०२० मध्ये जाहीर सभेत बोलून दाखविले. हे एक वाक्य त्या कंपनीला किती महाग पडले! लोक संघटित झाले, आणि जुलै २०२१ मध्ये कंपनीने योजनाच सोडून दिली. त्या लढ्यातील जस्टिन पिअर्सन हे तरुण कार्यकर्ते २०२३ मध्ये राज्याच्या विधिमंडळात निवडून गेले. त्यांचे बंधू कीशॉन पिअर्सन हे ‘मेम्फिस कम्युनिटी अगेन्स्ट पोल्युशन’ या संघटनेचे काम पाहू लागले. टर्बाइनांविरुद्ध उभी राहिली ती हीच संघटना.

माझ्या मते या विरोधाचा गाभा घोषणांत किंवा मोर्चात नव्हता. तो मोजणीत होता. लेखापरीक्षणाच्या तासाला आम्हांला सांगतात की वहीत मालाचा जो आकडा असेल त्यावर विसंबू नये. गोदामात जाऊन पोती मोजावीत. मेम्फिसमध्ये पोती मोजायला आत जाता येत नव्हते. कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये १५ टर्बाइनांसाठी परवान्याचा अर्ज केला होता, त्यांची क्षमता २४७ मेगावॉट. प्रत्यक्षात जागेवर किती आहेत? लोकांच्या बाजूने काम करणाऱ्या सदर्न एन्व्हायर्नमेंटल लॉ सेंटर या वकिलांच्या संस्थेने विमानातून छायाचित्रे काढविली. त्यांत ३५ टर्बाइने दिसली, एकूण क्षमता सुमारे ४२० मेगावॉट. महापौर पॉल यंग यांनी सांगितले की त्यांतील १५च चालू आहेत, बाकीची नुसती ठेवलेली आहेत. तेव्हा उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने पुन्हा छायाचित्रे घेण्यात आली. त्यांत ३३ टर्बाइने तापलेली दिसली. बंद यंत्र तापत नाही. यापेक्षा स्वच्छ लेखापरीक्षण मी तरी कोठे वाचलेले नाही.

२५ एप्रिल २०२५ रोजी फेअर्ली हायस्कूलमध्ये आरोग्य खात्याने जाहीर सुनावणी घेतली. सभागृह भरले होते आणि बोलणाऱ्यांत विरोध करणारेच फार होते. कोणी घरातील दम्याविषयी बोलले, कोणी कर्करोगाविषयी. या लोकांच्या आजारांना याच टर्बाइना कारण होत्या असे म्हणता येणार नाही, आणि तसे म्हणण्याची गरजही नाही. त्यांचे म्हणणे असे होते की आमच्या खात्यावर आधीच इतके नावे टाकलेले आहे, त्यात नवी रक्कम टाकताना निदान आम्हांला विचारा. शहराच्या परिषदेतील काही सदस्यांनाही या प्रकल्पाची बातमी सर्वसामान्य नागरिकांबरोबरच कळली होती, मग बॉक्सटाउनला कोण विचारणार?

ए. सी. पिगू यांनी १९२० मध्ये सांगून ठेवले की कारखानदाराचा खासगी खर्च आणि समाजाला पडणारा खर्च यांत अंतर असते, आणि ते कराने भरून काढावे. रोनाल्ड कोस यांनी १९६० मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात दुसरी बाजू मांडली. हक्क स्पष्ट असतील आणि व्यवहाराला खर्च पडत नसेल, तर दोन पक्ष आपसांत बोलणी करून मार्ग काढतील, मग हक्क कोणाचाही असो. आमच्या वर्गात दुसरी बाजू अधिक हुशारीची वाटते आणि वादविवादात तिलाच टाळ्या पडतात. पण बोलणी करायची तर समोरच्याकडे यंत्रे १५ आहेत की ३५, हे आधी कळले पाहिजे. ते कळण्यासाठी विमान लागले. व्यवहाराचा खर्च म्हणतात तो हाच, आणि कोस यांनीही तो शून्य असतो असे म्हटलेले नाही. आपणच गाइडमध्ये ती अट गाळतो.

दुसऱ्या बाजूलाही म्हणणे होते, ते टाळणे योग्य नव्हे. मेम्फिस हे गरिबीने गांजलेले शहर. चेंबर ऑफ कॉमर्सने आणि महापौरांनी या गुंतवणुकीचे स्वागत केले, ते मालमत्ता कराच्या मोठ्या रकमेकडे पाहून. त्या कराचा चौथा हिस्सा केंद्रापासून पाच मैलांच्या आतील वस्त्यांवर खर्च करावा, अशी योजनाही पुढे आली. ही योजना मला अगदीच टाकाऊ वाटत नाही; रस्ते, शाळा, दिवे यांना पैसा लागतोच. मात्र हिशोबाच्या दृष्टीने ती चुकीच्या ओळीत लिहिलेली आहे. धुराची भरपाई धूर मोजून ठरते, इमारतीच्या किमतीवरून नव्हे. आणि धूर मोजण्याचेच वांधे होते. जून २०२५ मध्ये शहरातर्फे हवेची तपासणी झाली आणि धोकादायक पातळी आढळली नाही असे जाहीर झाले; पण त्या तपासणीत ओझोन मोजलेला नव्हता. ज्या ओझोनविषयी तक्रार, तोच गाळलेला! वास येतो तो डबा सोडून बाकीचे डबे उघडून पाहावेत, तसे हे झाले.

त्याच जूनमध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी १९०९ पासून काम करणाऱ्या एनएएसीपी या संस्थेने कंपनीला दाव्याची रीतसर नोटीस दिली. २ जुलै २०२५ रोजी आरोग्य खात्याने १५ टर्बाइनांना परवाना दिला, त्याची मुदत जानेवारी २०२७ पर्यंतची. विरोध करणाऱ्यांना हा पराभव वाटला आणि त्यांनी अपील केले. मला त्यात थोडी वेगळी गोष्ट दिसते. त्या दिवसापासून ती यंत्रे वहीत आली. प्रत्येक यंत्राने किती विष सोडावे याला मर्यादा लागली, उपकरणांची अट आली, अहवाल देणे आले. बायहेलियाप्रमाणे प्रकल्प परत गेला नाही, हे खरेच. पण ‘तात्पुरते’ या शब्दाआड जे झाकले होते ते उघड्यावर आले, आणि ते काढले ते वस्तीने.

कंपनीने २०२५ मध्येच मेम्फिसच्या दक्षिणेला, राज्याची सीमा ओलांडून, मिसिसिपीतील साउथेव्हन गावी एका जुन्या वीजघराची जागा विकत घेतली आणि तेथेही टर्बाइने आणली. राज्य बदलले म्हणजे परवाना देणारे कार्यालय बदलले, नियमांची वही बदलली. सीमेवरच्या आम्हा लोकांना हे वेगळे सांगायला नको. साउथेव्हनच्या रहिवाशांनी प्रथम तक्रार केली ती आवाजाची. धूर डोळ्यांना दिसत नाही, पण टर्बाइनची घरघर रात्री बंद खिडकीतूनही ऐकू येते, आणि ती ऐकायला विमान लागत नाही.