नकाराचा मेहनताना

लहान उद्योगांना कर्ज देण्यासाठी नवी बिगर-बँक वित्तसंस्था काढावयाची म्हटली, की रिझर्व्ह बँकेचे नोंदणीपत्र, १० कोटी रुपयांचा स्वनिधी, संगणकप्रणाली आणि प्रकरणे आणून देणाऱ्या दलालांचे जाळे यांची चर्चा महिनोन्महिने चालते. परंतु ज्याच्या सहीने तो पैसा दाराबाहेर पडावयाचा, त्या अंडररायटरची निवड कशी करावी आणि त्यास वेतन कोणत्या तत्त्वावर द्यावे, हा प्रश्न बहुधा अखेरच्या आठवड्यात घाईने उरकला जातो. पुढील संभाषणातील शेखर भोसरी-चिंचवडचे छोटे कारखानदार आणि इचलकरंजीचे यंत्रमागधारक यांना कर्जे देणारी कंपनी काढण्याच्या खटपटीत आहे. इंदूताईंची सारी हयात कर्जमंजुरीच्या खात्यात गेली आहे.

शेखर: ताई, मी मनाशी एक योजना योजली आहे. अंडररायटरास दरमहा बेताचा पगार द्यावा, आणि त्याने मंजूर केलेले कर्ज प्रत्यक्ष वाटले गेले, की त्या रकमेवर शेकडा पाव रुपया मोबदला द्यावा. म्हणजे तो झटून काम करील आणि आरंभीच्या दिवसांत कंपनीवर मोठ्या पगाराचा बोजाही पडणार नाही. यात आपल्याला काही वावगे दिसते का?

इंदूताई: वावगे असे, की या योजनेत तू त्याच्या एका उत्तराची किंमत ठरविली आहेस आणि दुसऱ्या उत्तराची ठरविलीच नाहीस. २० लाखांचे प्रकरण त्याने मंजूर केले तर त्याच्या पदरी ५,००० रुपये पडतात. आणि तेच प्रकरण तीन दिवस खपून, बँकेचे उतारे व जीएसटीची विवरणपत्रे ताडून, कारखान्यावर जाऊन, अखेर ‘देऊ नये’ असा शेरा मारून परत केले, तर त्याला काहीच मिळत नाही, उलट प्रकरण आणणाऱ्या दलालाचा आणि तुझ्या विक्रीखात्याचा रोष मात्र पदरात पडतो. त्याचा होकार विकत घेण्यासाठी विक्रीखाते आणि दलाल हे दोघे आधीच सज्ज असतात, कारण त्या दोघांचीही कमाई कर्जवाटपावरच असते. त्यांच्याच पंगतीला तू तिसरा माणूस बसविलास, तर कंपनीत ‘नाही’ म्हणणारा कोणी उरलाच नाही.

शेखर: परंतु चांगल्या, अनुभवी माणसाचा पगार नव्या कंपनीला झेपेल का? त्यापेक्षा महाविद्यालयातून नुकतीच बाहेर पडलेली हुशार मुले घ्यावीत, असे काहीजण मला सुचवितात.

इंदूताई: आपण केवळ हिशेबापुरते आकडे धरू. कर्जावर मिळणाऱ्या व्याजातून तुझ्या उसनवारीचे व्याज आणि कचेरीचा खर्च वजा जाता शेकडा ३ रुपये उरतात, असे समज. म्हणजे २० लाखांच्या एका कर्जावर वर्षाला ६०,००० रुपये. आता असे एक कर्ज मुदलासकट बुडाले, तर ते भरून काढण्यास नीट फेडल्या जाणाऱ्या तेहेतीस कर्जांचा वर्षभराचा नफा खर्ची पडतो. अननुभवी माणसास दरमहा ६०,००० आणि जाणत्यास सव्वा लाख द्यावे लागतात असे धरले, तर वर्षाचा फरक ७ लाख ८० हजारांचा होतो. वर्षभरात त्या जाणत्या माणसाने असे एक जरी प्रकरण दारातून परत पाठविले, तरी त्याचा जादा पगार दुपटीहून अधिक वसूल झाला. कर्जाच्या धंद्यात नफा थेंबाथेंबाने येतो आणि तोटा घागरीने जातो, ही गोष्ट ज्याला पटली, त्याने अंडररायटरच्या पगारात काटकसर करू नये. हुशार मुले अवश्य घे, पण ती त्याच्या हाताखाली घे.

शेखर: आता तर संगणकच प्रकरण तपासून गुण देतो. खातेदाराची संमती असली तर अकाउंट अ‍ॅग्रिगेटरमार्फत बँकेचा उतारा काही क्षणांत येतो, पतमाहिती कंपनीचा अहवाल येतो, जीएसटीचे आकडे येतात. मग हा जाणता माणूस नेमके काय निराळे पाहतो?

इंदूताई: इचलकरंजीचाच दाखला घे, कारण तुझा पैसा तेथेच जावयाचा आहे. तेथील पुष्कळसे यंत्रमागधारक खर्चीवाले. सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे, आणि यांच्या हाती पडते ती ‘पिकां’नुसार, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांनुसार, ठरणारी मजुरी. त्यामुळे जीएसटीच्या विवरणपत्रात व बँकेच्या उताऱ्यात दिसते ती केवळ मजुरीची रक्कम. लहान उद्योगाला वार्षिक उलाढालीच्या शेकडा २० इतके खेळते भांडवल द्यावे, हा नायक समितीच्या काळापासून रूढ असलेला ठोकताळा तेथे लावला, तर निघणाऱ्या आकड्यास फारसा अर्थ राहत नाही, कारण सुतात अडकणारे भांडवल त्या माणसाचे नसतेच. आणि उलट केवळ मागांची संख्या पाहून कर्ज ठरविले, तर त्याला न झेपणारी रक्कम त्याच्या गळ्यात पडते. जाणता माणूस तेथे निराळेच प्रश्न विचारतो: ताण्याच्या सुताची बीमे एकाच व्यापाऱ्याकडून येतात की तिघांकडून, गेल्या वर्षात किती महिने माग उभे होते, आणि तो जे सांगतो आहे त्याला वीजबिलातील युनिटांचा दुजोरा मिळतो की नाही. हे प्रश्न संगणकास शिकविता येतील हे मला मान्य आहे, परंतु प्रथम ते ज्याला ठाऊक आहेत, असा माणूस तुझ्या कचेरीत असला पाहिजे.

भोसरीचे तंत्र आणखी निराळे. तेथील सुटे भाग करणारा कारखानदार मोठ्या गिऱ्हाइकाच्या बिलाची वाट पाहत बसलेला असतो. लहान उद्योगांविषयीच्या २००६ च्या कायद्याने बिल चुकते करण्यास ४५ दिवसांची कमाल मर्यादा घातलेली आहे, पण ती मागण्याची हिंमत फार थोड्यांना होते, कारण पुढचे काम त्याच गिऱ्हाइकाकडून यावयाचे असते. त्याचे चेक परत गेलेले दिसले तर संगणक त्यास नापास करतो. अंडररायटर मात्र पाहतो, की चेक परत गेला तो बिलाची रक्कम येण्यास चार दिवस विलंब झाला म्हणून, की धंदाच आटला म्हणून. दुसऱ्या बाजूस, ज्याचा उतारा डोळ्यांत भरण्याजोगा आहे, पण तिमाही संपताना भावाच्या फर्मकडून ठोक रक्कम येते आणि दुसऱ्याच दिवशी तितकीच परत जाते, अशा उजळ दिसणाऱ्या प्रकरणाची त्यालाच शंका येते. पतमाहितीतही उणीव असते. १ जानेवारी २०२५ पासून ती पंधरवड्याने अद्ययावत व्हावी असा दंडक आला हे खरे, तथापि एकाच पंधरवड्यात तीन-चार ठिकाणांहून कर्ज उचलणारा माणूस त्या फटीतून सुटतोच. त्याच्या अहवालात अल्पावधीत किती कंपन्यांनी चौकशी केली आहे, तेवढाच काय तो सुगावा असतो.

शेखर: असा माणूस ओळखावा कसा? अर्जावर तर प्रत्येकजण इतकी वर्षे अनुभव, इतक्या कोटींची कर्जे मंजूर, असेच लिहितो.

इंदूताई: कोटींचा आकडा बाजूस ठेव. प्रथम हे पाहा, की त्याने वाईट दिवस पाहिले आहेत की नाहीत. नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी असताना, किंवा मार्च २०२० मध्ये हप्ते तहकूब करण्याची सवलत रिझर्व्ह बँकेने जाहीर केली आणि ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढविली त्या काळात, तो कोणत्या कर्जांना जबाबदार होता, त्यांतील कोणती तगली, कोणती बुडाली आणि का, हे त्याला सविस्तर सांगता आले पाहिजे. ज्याची सारी उमेदवारी त्यानंतरची आहे, तो कमी योग्यतेचा असे मी म्हणत नाही. त्याच्या निर्णयांची कसोटी अजून लागलेली नाही, इतकेच.

मग त्याच्यापुढे पाच-सहा प्रकरणे ठेव. एखाद्या सनदी लेखापालाकडून, त्याच्या अशिलांची संमती घेऊन, नावे-गावे झाकलेली कागदपत्रे मिळविता येतील. त्यांत दोन उघड चांगली, एक उघड वाईट, आणि उरलेली अशी असावीत, की ज्यांवर दोन शहाण्या माणसांचा मतभेद व्हावा. त्याचे उत्तर होकारार्थी आले की नकारार्थी, यावर गुण देऊ नकोस. त्याने आणखी कोणता कागद मागितला, कर्जदाराला कोणता प्रश्न विचारावासा वाटला, आणि सरसकट नकार देण्याऐवजी रक्कम कमी करून, मुदत बदलून किंवा जामीनदार वाढवून कर्ज देण्याजोगे होते का याचा त्याने विचार केला का, हे पाहा. माझ्या मते अंडररायटरची खरी विद्या या तिसऱ्या गोष्टीत आहे. नुसता नाकारणारा माणूस कंपनीला बुडवीत नाही, पण तो तिला चालूही देत नाही. आणि ज्या होतकरू कारखानदाराला वेळेवर १० लाख मिळाले असते तर त्याची दोन यंत्रे उभी राहिली असती, त्याचे नुकसान कोणत्याच वहीत नोंदले जात नाही.

आणखी एक. आधीच्या कंपनीच्या कर्जदारांची यादी बरोबर घेऊन येतो असे जो सांगेल, त्याला तेथूनच निरोप दे.

शेखर: हे सारे ध्यानात आले. परंतु वाटपावर मोबदला द्यावयाचा नाही, तर द्यावयाचा कशावर? नुसत्या पगारावर माणूस सुस्त होईल अशी भीती वाटते.

इंदूताई: ती भीती अगदीच निराधार नाही, म्हणून थोडा भाग बदलता असावा. या बाबतीत रिझर्व्ह बँकेने २९ एप्रिल २०२२ रोजी काढलेली मार्गदर्शक तत्त्वे वाच. ती मध्यम व वरच्या स्तरांतील वित्तसंस्थांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांपुरती आहेत, तुझी कंपनी आरंभी त्या कक्षेत येणार नाही. पण जोखीम तपासणाऱ्या अधिकाऱ्याचे वेतन तो ज्या धंद्यावर देखरेख करतो त्या धंद्याच्या वाढीशी निगडित नसावे, आणि बदलत्या वेतनाचा काही भाग पुढे ढकलावा व वेळप्रसंगी रोखता किंवा परत मागता यावा, हे त्यांतील तत्त्व पहिल्याच दिवसापासून स्वीकारण्यास तुला कोणाची हरकत नाही.

मी अशी वाटणी करीन. शंभरातले ऐंशी कायम पगार, वीस बदलते. त्या विसांतले दहा वर्षअखेरीस, कामाच्या गुणावर: प्रकरणे ठरलेल्या मुदतीत निकाली निघाली का, शेऱ्यात कारणे स्पष्ट लिहिली का. शिवाय मंजूर आणि नामंजूर दोन्ही प्रकारची काही प्रकरणे, निकाल झाकून, दुसऱ्या जाणत्याकडून पुन्हा तपासून घ्यावीत. नकाराला मोल मिळते ते येथे, आणि आळसाने किंवा भीतीने दिलेला नकारही उघडकीस येतो तो येथेच. उरलेले दहा मात्र कर्जे पिकल्यावर. एका तिमाहीत मंजूर झालेल्या कर्जांचा एक गट मानून, तो गट दीड वर्षाचा झाल्यावर त्याची वसुली पाहावी आणि मगच ते दहा हातात द्यावेत.

शेखर: दीड वर्षात कितीतरी गोष्टी घडतात. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेला पूर आला, तेव्हा ज्यांचे कारखाने पाण्याखाली गेले त्यांचे हप्ते थकले असतील. त्यात अंडररायटरचा काय अपराध?

इंदूताई: काहीच नाही, आणि म्हणूनच केवळ थकबाकीचा आकडा पाहून पैसे कापणे हा अन्याय होय. थकबाकी केव्हा सुरू झाली ते पाहावे. पहिल्या तीन हप्त्यांतच जे कर्ज अडखळते, तेथे बहुधा फसवणूक तरी असते किंवा तपासणीत ढिलाई तरी. तेथे त्याची जबाबदारी पुरी. चौदाव्या महिन्यात जे थकले, ते त्याच भागातील, त्याच धंद्यातील इतर कर्जांशी ताडून पाहावे. सगळीच थकली असतील तर तो काळाचा फेरा, तेवढेच एक थकले असेल तर त्याचे उत्तर त्याने द्यावे. असा भेद न करता नुसता तोट्याचा दंड बसविलास, तर पहिल्या पुरानंतर तो प्रत्येक अर्ज परत पाठवू लागेल, आणि त्याबद्दल मी तरी त्याला दोष देणार नाही.

शेखर: कंपनीचे भागभांडवल देण्याचाही माझा विचार होता. रोख रक्कम कमी आणि आपुलकी अधिक.

इंदूताई: दे, पण डोळे उघडे ठेवून दे. तुझ्यासारख्या नव्या कंपनीच्या भागाची किंमत गुंतवणूकदार ठरवितात ती बहुतकरून कर्जांचा आकार पाहून, कारण बुडित दिसू लागण्यास वेळ लागतो. म्हणजे वाटपावरचा मोबदला तू पुढच्या दाराने हाकलून दिलास आणि तोच मागच्या दाराने आत आला. भाग पर्यायरूपाने दिलेस तर ते हाती पडण्यास कायद्याने वर्षभर थांबावेच लागते; तू चार वर्षांत टप्प्याटप्प्याने द्यावेस, आणि प्रत्येक टप्पा त्या त्या गटांच्या वसुलीशी जोडावास.

शेखर: आणि तो कोणाच्या हाताखाली असावा? आमचे विक्रीप्रमुख म्हणतात, की सर्व खाती त्यांच्याकडे असली तर कामे लवकर होतील.

इंदूताई: विक्रीप्रमुखाच्या हाताखाली तो क्षणभरही नसावा. ज्यांची मालमत्ता ५,००० कोटींहून अधिक, अशा वित्तसंस्थांच्या जोखीम-अधिकाऱ्यास धंद्याचे उद्दिष्ट देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा हुकूम २०१९ पासून आहे. मोठ्या घरात जे अपायकारक, ते लहान घरात अधिकच. तो थेट तुला, आणि वेळ पडल्यास संचालक मंडळाला उत्तरदायी असावा. त्याचा अखत्यार रुपयांत लिहून दे: इतक्या लाखांपर्यंत त्याची एकट्याची सही, त्यापुढे दोघांच्या.

शेखर: शेवटची शंका. एखाद्या प्रकरणाला त्याने नकार दिला आणि मला ते मनापासून द्यावेसे वाटले, तर मी त्याचा निर्णय फिरवू शकेन ना?

इंदूताई: फिरवू शकशील, कंपनी तुझी आहे आणि कधी कधी तुला त्याच्याहून अधिक माहिती असेल. पण ते लेखी असावे, तुझ्या सहीने व तुझ्या कारणांसह, आणि अशी कर्जे वेगळ्या वहीत जावीत. ती बुडाली तर त्याच्या वेतनास धक्का लागता कामा नये. त्या वहीतील कर्जांची संख्या आणि थकबाकी दर तिमाहीस मंडळापुढे, तुझे नाव घालून, रुजू झाली पाहिजे.

शेखर: आणि ती संख्या किती असावी, याला काही मर्यादा?

इंदूताई: ती तूच ठरवावीस, पण त्याची नेमणूक होण्यापूर्वी ठरवावीस, आणि त्याच्या नेमणूकपत्रात लिहावीस.